अब्बांचा कॅमेरा आणि लोकांची अमानत

आमच्या अब्बांनी डिजिटल कॅमेरा घेतला तो 2006 साली. त्या वर्षी दिवाळी आणि रमजान ईद एकाच आठवड्यात आली होती आणि दोन्हीकडच्या लग्नांच्या ऑर्डरी एकदमच येऊन पडल्या होत्या. अब्बांचं वय तेव्हा एकसष्ट. साताऱ्यात त्यांनी सदतीस वर्षं फिल्मवर फोटो काढले होते. या वयात माणसं दुकान मुलाच्या हाती देऊन तसबीह घेऊन बसतात. अब्बांनी मात्र नव्या स्कूटरपेक्षा महाग असलेला कॅमेरा विकत घेतला आणि त्याचं माहितीपुस्तक आमच्याकडून मराठीत समजावून घेतलं. त्यांनी तो का घेतला, हे लोकांना अजून नीट माहीत नाही. मुलाच्या हट्टापुढे नमले, असं सगळे म्हणतात. तसं नव्हतं, म्हणून हे लिहीत आहोत.

आम्ही म्हणजे त्यांची तीन मुलं. लिहिणारा हात थोरलीचा. ती लग्न होऊन सांगलीत आली आणि शाळेत उर्दू नि मराठी शिकवते. धाकटी बहीण आणि भाऊ साताऱ्यातच आहेत. आठवणी तिघांच्या आहेत आणि त्यावरून फोनवर भांडणंही झाली आहेत.

आमच्या घराची न्हाणी हीच अब्बांची डार्करूम होती. रात्री इशानंतर खिडकीला काळा कागद लागायचा, दाराच्या फटीत जुनी चादर कोंबली जायची आणि लाल दिवा पेटायचा. तीन ट्रे ओळीने मांडलेले असत. पहिल्यात डेव्हलपर, दुसऱ्यात सिरक्यासारखा वास येणारं आम्लाचं पाणी, तिसऱ्यात हायपो. पांढरा कागद पहिल्या ट्रेमध्ये टाकला की आधी केस उमटायचे, मग डोळे, सगळ्यात शेवटी गाल आणि कपडे. अम्मी ट्रे हलकेच हलवत राहायची. कागद किती वेळ ठेवायचा याला घड्याळ नव्हतं, अब्बा तोंडाने आकडे मोजायचे. फिल्म धुताना लाल दिवासुद्धा चालत नाही, पूर्ण अंधार लागतो. रोल चाचपडतच रिळावर चढवावा लागतो. अब्बांची बोटं हे काम करताना आम्ही कधी पाहिलेलीच नाहीत, पाहण्यासारखं काही नसायचंच. नुसता खसखस आवाज यायचा.

त्यांचा पहिला कॅमेरा यॅशिका मॅट. वरून खाली बघायचा, दोन भिंगांचा. 120 च्या रोलवर त्यात फक्त बारा फोटो बसत. फिल्म कधी उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीची 'इंदू', कधी पूर्व जर्मनीची 'ऑर्वो'. जी मिळेल ती. बारा फोटोंचा रोल हातात असला की माणूस बटण दाबण्याआधी विचार करतो. 'सांस रोक के' हा अब्बांचा शब्द. ते फोटो काढताना स्वतःही श्वास रोखायचे आणि समोरच्यालाही रोखायला लावायचे.

एक गंमत सांगायची राहून जाईल. सहावीच्या वर्गात कॅमेरा शब्द आला की मुलं हमखास सांगतात, हा आपल्या कमरा शब्दावरून आला. कोणी मोठी माणसं तो अरबी असल्याचंही सांगतात. खरं तर कॅमेरा शब्द लॅटिन. त्याचा अर्थ खोली. उर्दूतला कमरा पोर्तुगीजांच्या 'कामारा'वरून आला आणि तोही त्याच लॅटिन घराण्यातला. म्हणजे दोघे चुलतभाऊ, बाप-लेक नव्हेत. मात्र अंधाऱ्या खोलीत बारीक भोकातून आलेला प्रकाश समोरच्या वस्तूचं उलटं चित्र कसं पाडतो, याचा प्रयोग करून अभ्यास करणारे इब्न अल्-हैसम हे दहाव्या-अकराव्या शतकातले. बसऱ्यात जन्मले, कैरोत काम केलं. त्यांचा 'किताबुल मनाझिर' हा प्रकाशावरचा ग्रंथ पुढे युरोपात लॅटिनमधून शिकला गेला. शब्दाचा मान नाही मिळाला तरी हा मान मोठा आहे. वर्गाच्या दाराच्या फटीतून समोरच्या भिंतीवर झाड उलटं पडलेलं आम्ही मुलांना दाखवतो, तेव्हा न्हाणीचीच आठवण येते.

आता मुद्द्याकडे येतो. अब्बांच्या धंद्यात सगळ्यात अवघड काम होतं जनान्यातले फोटो. निकाहच्या मजलिसीत अब्बा स्वतः असत. काझीसाहेबांनी विचारावं, दुल्ह्याने कबूल म्हणावं, तो क्षण परत करून दाखवा असं कोणाला सांगता येत नाही. पण दुल्हन, मेहंदी, तिच्या मैत्रिणी, तिची आई रडताना, हे सगळं पडद्याच्या आत. तिथे अब्बा जात नसत. म्हणून त्यांनी अम्मीला शिकवलं. अम्मीचं शिक्षण उर्दू चौथी. भिंगाचे आकडे तिला पाठ होईनात, तर अब्बांनी एक सुतळी दिली, तिला दोन गाठी मारलेल्या. फ्लॅश वापरला की माणूस किती लांब आहे त्यावर भिंगाचं तोंड किती उघडायचं ते ठरतं. सहा फुटांच्या गाठीला 8, आठ फुटांच्या गाठीला 5.6. एका मुलीने सुतळीचं टोक दुल्हनच्या खांद्यापाशी धरायचं, अम्मीने गाठ बघून कडं फिरवायचं, सुतळी सोडायची आणि फोटो घ्यायचा. ती मुलगी म्हणजे आमच्यातलीच कोणीतरी. साताऱ्यातल्या कितीतरी आपांच्या लग्नाच्या फोटोत अगदी कडेला आमचा हात आलेला आहे.

तो रोल घरीच धुतला जायचा. न्हाणीत अम्मी आणि अब्बा, तिसरं कोणी नाही. प्रिंट पाकिटात, पाकिटावर लेई, आणि पाकीट दुल्हनच्या वडिलांच्या हातात. निगेटिव्ह हवी असेल तर तीही द्यायची. नको असेल तर आमच्या लाकडी कपाटात, अब्बांच्या उर्दू अक्षरात नाव आणि साल घालून. या गोष्टीसाठी लोक आमच्याकडे यायचे. अब्बा काही फार मोठे कलावंत नव्हते. दुकानाच्या आजूबाजूला त्यांच्यापेक्षा चांगले फोटो काढणारे होते. पण मुलींचे फोटो कोणाच्या नजरेला पडणार नाहीत ही खात्री होती आणि त्या काळी ती विकत मिळत नव्हती. फोटो काढावा की काढू नये यावर आपल्यात घरोघरी वेगळं मत होतं, अजून आहे. अब्बांनी त्या वादात कधी भाग घेतला नाही आणि नको म्हणणाऱ्याला कधी आग्रह केला नाही.

रंगीत फिल्म आली आणि ही घडी विस्कटली. काळ्या-पांढऱ्याला घरची न्हाणी पुरते, रंगीत फिल्मला नाही. तिच्या डेव्हलपरचं तापमान 38 अंशांच्या आसपास धरून ठेवावं लागतं, अर्धा अंशसुद्धा इकडेतिकडे झाला तर चेहरे निळे-हिरवे होतात. साताऱ्याच्या थंडीत गॅसवरच्या पातेल्याने हे होण्यासारखं नव्हतं. म्हणून रोल बाहेरगावच्या कलर लॅबमध्ये जाऊ लागले. सकाळच्या एसटीने रोल जायचे, दोन-तीन दिवसांनी फोटो यायचे. फोटो झकास असत, लोक खूश असत. अब्बा खूश नसत. आपण काढलेला फोटो सगळ्यात आधी परक्या माणसाने पाहावा हे त्यांना पटत नव्हतं. आम्हाला तेव्हा हा म्हाताऱ्या माणसाचा हेका वाटायचा.

1994 च्या हिवाळ्यात एक माणूस दुकानात आला. अब्बांच्या ओळखीचा, ट्रकचा धंदा. त्याने सांगितलं की त्या गावच्या लॅबच्या काचेच्या कपाटात, नमुना म्हणून, एका दुल्हनचा मोठा फोटो लावलाय, आणि ती आपल्या अमक्याची मुलगी दिसते. अब्बांनी दुकान बंद केलं आणि मिळेल ती एसटी पकडली. रात्री दहाला परत आले तेव्हा त्यांच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली चौकट होती. लॅबवाल्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. फोटो सुंदर आला म्हणून लावला, म्हणे. अब्बांनी भांडण केलं नाही. चौकटीसकट पैसे देऊन फोटो विकत घेतला. जेवले नाहीत, तसेच मुलीच्या वडिलांकडे गेले आणि चौकट त्यांच्यापुढे ठेवली. त्या चाचांनी काय म्हटलं ते आम्हाला कधीच कळलं नाही. एवढं कळलं की त्या घरची पुढच्या दोन मुलींची लग्नं झाली, आणि ऑर्डर आमच्याकडे आली नाही.

त्यानंतर बारा वर्षं जनान्याचा रोल असला की अब्बा स्वतः लॅबमध्ये जाऊन बसत. यंत्रातून फोटो बाहेर पडेपर्यंत बाकावर बसून राहायचे आणि खराब निघालेले प्रिंटसुद्धा मोजून घेऊन यायचे. एका दिवसाची मजुरी बुडायची, ती त्यांनी कधी गिऱ्हाइकाच्या बिलात लावली नाही.

म्हणून जेव्हा भाऊ म्हणाला, "अब्बा, डिजिटल घेऊ या, रोलचा खर्च वाचेल," तेव्हा अब्बांनी मान हलवली नाही. "लोक सीडी मागतात," म्हटलं, तरी नाही. वर्तमानपत्रांचे फोटोग्राफर सगळे बदलले, रघु राय यांच्यासारख्या नामांकित माणसाने 2003 साली 'जिओ' मासिकाच्या मुंबईतल्या कामावर डिजिटल कॅमेरा हाती घेतला आणि पुन्हा फिल्मकडे वळले नाहीत, हे धाकटीने वाचून दाखवलं. अब्बा म्हणाले, "वो बडे लोग हैं." मग एका संध्याकाळी त्यांनी एकच प्रश्न विचारला. यातला फोटो बघायला कोणाकडे पाठवावा लागतो? भाऊ म्हणाला, कोणाकडेच नाही, घरच्या कॉम्प्युटरवर दिसतो, घरच्या प्रिंटरवर निघतो. अब्बांनी पुन्हा विचारलं, "मतलब फिर से अपनी न्हाणी?" भाऊ हो म्हणाला. पुढच्या आठवड्यात अब्बा बँकेत गेले.

एवढंच कारण होतं. फिल्म गेल्याचं लोकांना दुःख होतं, पण अब्बांच्या दृष्टीने खरा तोटा रंगीत फिल्म आली तेव्हाच झाला होता. डिजिटलने तो भरून दिला.

शिकायला मात्र फार जड गेलं. निगेटिव्ह फिल्मचा स्वभाव असा की उजेड थोडा जास्त झाला तरी ती सांभाळून घेते, कमी पडला तर मात्र सावलीतलं काही उरत नाही. म्हणून फिल्मवाल्याचा हात नेहमी सढळ. शंका आली की थोडा जास्त उजेड द्यायचा. डिजिटलचा स्वभाव नेमका उलटा. जास्त उजेडाने पांढरा भाग जळाला की तिथे काहीच उरत नाही, नंतर कितीही काळं करा. अब्बांच्या पहिल्याच डिजिटल लग्नात दुल्हा पांढऱ्या शेरवानीत, निम्मी मजलिस पांढऱ्या कुर्त्यात. घरी आल्यावर कॉम्प्युटरवर पाहिलं तर माणसांच्या माना हवेत तरंगताहेत, खाली नुसता पांढरा ढग. शेरवानीवरचं जरीकाम बेपत्ता. सदतीस वर्षांचा सवयीचा हात एका रात्रीत उलटा फिरवायचा होता. अब्बांनी अम्मीचा पांढरा दुपट्टा गच्चीतल्या दोरीवर टाकला आणि आठ दिवस त्याचेच फोटो काढले, सकाळी, दुपारी, मगरीबच्या आधी. शेजारणींना वाटलं दुपट्टे विकायचा धंदा काढलाय.

दुसरी अडचण भिंगाची. त्यांचं आवडतं 50 चं जुनं भिंग नव्या कॅमेऱ्यावर बसत होतं, पण बसलं की कॅमेऱ्याचा उजेड मोजायचा काटा बंद. त्याचं त्यांना काही वाटलं नाही, उजेड ते डोळ्यानेच मोजत. पण नव्या कॅमेऱ्याचा संवेदक फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान. त्यामुळे 50 चं भिंग 75 सारखं वागायचं, सगळं जवळ यायचं. सगळं कुटुंब चौकटीत बसवायचं तर मागे सरकावं लागे, आणि आपल्या गल्लीतल्या घरांत मागे सरकायला भिंत असते. एका घरी अब्बा मागे सरकत सरकत थेट स्वयंपाकघरात पोचले होते.

तिसरी गोष्ट पडद्याची. फोटो काढला की मागे लगेच दिसतो, आणि लोक लगेच गोळा होतात. दाखवा, दाखवा, माझे डोळे मिटलेत, परत काढा. अब्बांनी वहीच्या पुठ्ठ्याचा तुकडा कापून पडद्यावर चिकटपट्टीने लावला. त्यांचं म्हणणं, फोटो बघताना समोर जे चाललंय ते निसटतं. घरी आल्यावर सगळे फोटो छोटे छोटे करून एका कागदावर छापायचे आणि लाल पेन्सिलीने निवडायचे, जुन्या कॉन्टॅक्ट शीटसारखे. आम्ही हसायचो. पुढे वाचनात आलं की ब्राझीलचे जगप्रसिद्ध छायाचित्रकार सेबास्तियाओ साल्गादो यांनी 2008 च्या सुमारास डिजिटल कॅमेरा घेतला, विमानतळांवरच्या एक्स-रे तपासणीत रोल खराब होण्याच्या जाचाला कंटाळून, आणि तेही निवड करायला कागदावरच्या कॉन्टॅक्ट शीटच काढून घेत. हे अब्बांना सांगितलं. त्यांना बरं वाटलं असावं, कारण त्यांनी दोनदा नाव विचारून घेतलं.

जगात काय चाललं होतं ते आम्हाला उशिरा कळलं. पहिला डिजिटल कॅमेरा 1975 साली बनला तो कोडॅकच्याच कारखान्यात, स्टीव्हन सॅसन नावाच्या तरुण इंजिनिअरच्या हातून. शंभर बाय शंभर ठिपक्यांचा काळा-पांढरा फोटो, तो कॅसेटवर उतरायला 23 सेकंद लागायची. ज्या कंपनीने फिल्म घरोघर नेली तिनेच हे यंत्र बनवलं, आणि जानेवारी 2012 मध्ये त्याच कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. उटीची 'इंदू' फिल्म त्याआधीच बाजारातून दिसेनाशी झाली होती. आमच्या दुकानाला झटका बसला तो मात्र वेगळ्याच बाजूने. 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. त्याचा फोटो केंद्रावरच निघतो, फोटोवाल्याकडे जावं लागत नाही. मग एकेक सरकारी कागद त्याच वाटेने गेला. लग्नं हा सीझनचा धंदा, रोजची भाजी पासपोर्ट साइज फोटोंवर यायची. ती हळूहळू थांबली.

आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत पाणी आलं. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ 50 फुटांच्या वर गेलं. वाचकांपैकी सांगली-मिरजेच्या लोकांना ते सांगायला नको. आमच्या घरात खालचा मजला पूर्ण बुडाला. पाणी उतरल्यावर गाळातून धान्याचा डबा निघाला, शिलाई मशीन निघालं आणि अल्बम निघाले, विटेसारखे घट्ट झालेले. फोन केला तेव्हा अब्बांनी आधी माणसांची चौकशी केली आणि मग म्हणाले, अल्बम वाळवू नका. ओलेच ठेवा.

हे सगळ्यांना उपयोगी आहे म्हणून लिहितो. भिजलेले फोटो एकमेकांना चिकटून वाळले की संपले. फोटोवर जिलेटिनचा थर असतो, तो पाण्याने फुगतो आणि वाळताना शेजारच्या कागदाला धरून बसतो. म्हणून ते स्वच्छ थंड पाण्याच्या परातीत ठेवायचे, सुटे व्हायला वेळ द्यायचा, ओढायचे नाहीत. चित्राच्या बाजूला बोट लावायचं नाही. सुटे झाले की दुसऱ्या पाण्यातून काढून, चित्र वर करून, कोऱ्या कागदावर सावलीत ठेवायचे. गरम पाणी नको, ऊन नको, इस्त्री तर मुळीच नको. एकदम जमणार नसेल तर प्लॅस्टिकमध्ये घालून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवले तरी काही दिवस तग धरतात. आमच्याकडे तेव्हा वीजच नव्हती, शेजारी साताऱ्याला निघाले होते, त्यांच्या गाडीतून डबा भरून अल्बम अब्बांकडे पाठवले. निम्मे वाचले. जे गेले त्यांतले 2006 च्या आधीचे सगळे अब्बांनी कपाटातल्या निगेटिव्हवरून पुन्हा करून दिले. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी कृष्णेचं पाणी येत नाही.

2006 नंतरचे मात्र करता आले नाहीत. ते सीडीवर होते. सीडी आमच्याच घरात होत्या, गाळात. अब्बांकडची प्रत हार्ड डिस्कवर होती आणि ती डिस्क वर्षभर आधीच बंद पडली होती. धाकटीच्या मुलाच्या अकीक्याचे फोटो असे गेले. 1985 च्या लग्नाची निगेटिव्ह उजेडाकडे धरली की दुल्हन दिसते, बंद पडलेल्या डिस्कमध्ये काय आहे ते कानाला लावूनही कळत नाही, असं भाऊच म्हणाला, ज्याने डिजिटलचा हट्ट धरला होता. तेव्हापासून घरी दोन डिस्क आहेत, एक साताऱ्यात, एक सांगलीत वरच्या मजल्यावर. दर ईदला अदलाबदल होते.

जनान्याचं म्हणाल तर 'अपनी न्हाणी' फार तर सात-आठ वर्षं टिकली. मग प्रत्येकीच्या हातात मोबाइल आला. अम्मी पडद्याआड एकटी फोटो काढायची, तिथे आता चाळीस कॅमेरे. दुल्हन उठायच्या आत तिचा फोटो दुबईला पोचलेला असतो, आणि तिथून कुठे जातो ते तिलाही ठाऊक नसतं. अब्बांनी काही दिवस लग्नाच्या घरी आधी सांगून पाहिलं, जनान्यात मोबाइल बाहेर ठेवायला सांगा. एकदोन घरांनी ऐकलं. बाकीच्यांनी मान डोलावली. 2015 साली अब्बांनी लग्नाच्या ऑर्डरी घेणं थांबवलं. अम्मी त्याच वर्षी गेली. दोन्ही गोष्टींचा संबंध होता की नाही, आम्ही विचारलं नाही.

आता उरलंय ते कपाट. सदतीस वर्षांच्या निगेटिव्ह. काही पट्ट्यांना सिरक्याचा वास यायला लागलाय. वास आला की समजावं पट्टी आतून कुजतेय, तिला बाकीच्यांपासून वेगळं ठेवावं लागतं. अब्बा दर जुम्म्याला एकेक डबा उघडून नाकाशी धरतात. मध्ये एक भंगारवाला आला होता. जुन्या फिल्ममधून चांदी काढतात, किलोवर भाव देतो म्हणाला. अब्बांनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवला.

पण करायचं काय, यावर आमच्यात वाद झाला आणि तो कडाक्याचा झाला. भाऊ म्हणाला, सगळं स्कॅन करून ठेवू. धाकटी म्हणाली, अजिबात नाही. ज्या बायकांनी आयुष्यात एकदाच, अम्मीवर भरवसा ठेवून फोटो काढू दिला, त्यांचे फोटो आपण कॉम्प्युटरवर घालायचे? उद्या डिस्क कोणाच्या हाती जाईल? जाळून टाका. थोरलीचं मत मधलं होतं, म्हणजे दोघांनाही न पटणारं. अब्बा ऐकत होते. मग म्हणाले, ज्याची आहे त्याला द्या. आणि जनान्याची निगेटिव्ह मुलीच्या बापाला नाही, नवऱ्याला नाही, मुलीलाच द्यायची.

हे सोपं नाही. मुली आता नान्या झाल्या आहेत. कोणी कराडला, कोणी वाईला, कोणी मिरजेत. काहींचे तलाक झालेत. त्यांतल्या एकीने पाकीट घेतलं, आमच्यासमोर उघडलं, मैत्रिणींचे दोन फोटो असलेली पट्टी कात्रीने कापून ठेवली आणि बाकीचं चुलीत घातलं. दुसरीने रंगीत प्रिंट मागितली आणि निगेटिव्ह काळी-पांढरी आहे कळल्यावर खट्टू झाली. काही जणी या दुनियेत नाहीत. त्यांच्या मुलींना दिलं.

मार्चमध्ये एक तरुण मुलगी आली. इंजिनिअर आहे, पुण्यात असते. तिच्या दादीचा एकही फोटो घरात नाही. दादी फोटोच्या कडक विरोधात. फक्त हजच्या फॉर्मसाठी, नाइलाजाने, एकदा बसली होती. फॉर्म गेला, फोटो गेला, दादीही गेली. साल विचारलं तर मुलीला माहीत नव्हतं, वडिलांना विचारून सांगितलं, 1987. अब्बांनी तिसरा खण उघडला. आपल्या कित्येक घरांत जुन्या बायकांचा एकमेव फोटो असा हजच्या फॉर्मचाच असतो, हे त्यांना पाठ आहे, आणि ती पाकिटं त्यांनी वेगळी ठेवली आहेत. नखाएवढा चेहरा, डोक्यावरून पदर, नजर खाली. त्या मुलीने पट्टी खिडकीच्या काचेला धरली, मोबाइलने फोटो घेतला, काहीतरी दाबलं आणि काळ्याचं पांढरं झालं. अब्बा बघतच राहिले. मग त्यांनी तिला विचारलं, दादीला फोटो आवडत नव्हता ना? ती म्हणाली, हो. अब्बा म्हणाले, मग तो कोणाला पाठवू नकोस, तू बघ. ती बराच वेळ गप्प राहिली. शेवटी तिने वडिलांनाही पाठवला नाही, घरी जाऊन दाखवते म्हणाली.

अजून चारशेच्या आसपास पाकिटं बाकी आहेत. नावं उर्दूत असल्यामुळे भावाला वाचता येत नाहीत, म्हणून ते काम थोरलीकडे आहे. काही ठिकाणी अब्बांनी नुसतं 'मोठ्या मशिदीजवळच्या चाचांची मधली' एवढंच लिहून ठेवलंय. मे महिन्याच्या सुट्टीत सांगलीहून साताऱ्याला जायचं आहे. सुरुवात कराडच्या खणापासून करायची ठरली आहे, कारण तिथल्या दोन डब्यांना वास यायला लागला आहे.